फट नसलेलं दार

मिस्त्रींनी उभ्या आयुष्यात लोकांची दारं बसवली, आणि त्यातलं एकही कधी कुरकुरलं नाही. हे ते स्वतःच सांगायचे, आणि कोणी विचारलेलं नसताना सांगायचे. कोणाच्या घरी गेले की आधी बसणं नाही, पाणी पिणं नाही, दाराला एक बोट लावून मागेपुढे हलवून बघायचे आणि घरमालकाला तोंडावर विचारायचे, "हे कोणी बसवलं? तुमच्यावर राग होता का त्याचा?" बायको कपाळाला हात लावायची. म्हणायची, या माणसाला घेऊन चार लोकांत जायची सोय नाही.

बायको जाऊन बरीच वर्षं झाली, आणि चार लोकांत जायचा प्रश्नही आता उरला नव्हता. लाकडाचा भुसा, थिनरचा वास आणि हौसेने ओढलेल्या सिगरेटी, या तिघांनी मिळून मिस्त्रींच्या फुप्फुसांचं वाटोळं केलं होतं. पहिली दोन पोटासाठी केली, असं ते म्हणायचे. तिसरीचं नाव काढलं की विषय बदलायचे. खोलीतून स्वयंपाकघरात जायचं तर मध्ये चौकटीला धरून थांबावं लागे. जिना उतरायचा तो फक्त दवाखान्याच्या तारखेला, तोही जावयाच्या खांद्यावर भार टाकून. नाकात बारीक नळी, नळीच्या दुसऱ्या टोकाला ऑक्सिजनचं मशीन, आणि ते मशीन दिवसभर घुरघुरत राहायचं. घरात दुसरा आवाज म्हणाल तर तेवढाच.

हेही चाललं असतं हो. माणूस कशाचीही सवय करून घेतो. पण खरी भीती होती ती वेगळ्याच गोष्टीची, आणि ती गोष्ट इतकी फालतू की सांगताना लाज वाटावी. सर्दी. साधी सर्दी, नाक गळतं, दोन शिंका येतात आणि आपण कामाला जातो, ती.

मागच्या हिवाळ्यात खारू आली होती. खारू म्हणजे मुलीची मुलगी. खरं नाव बालवाडीच्या दाखल्यावर. घरात ती खारू, कारण एका जागी बूड टेकायचं नाही आणि तोंड सारखं चालू. ती आली, आजोबांच्या मांडीवर चढली आणि त्यांच्या तोंडावरच फटकन शिंकली. दोघंही खो खो हसली. तिसऱ्या दिवशी खारू सोफ्यावरून उड्या मारत होती आणि आजोबा दवाखान्यात होते, तोंडावर घट्ट मास्क, श्वास मशीनच्या हवाली. पहिले काही दिवस तर त्यांना आठवतच नव्हते. कोण आलं, कोण गेलं, काही पत्ता नाही.

शुद्धीवर आल्यावर डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. "विषाणू तोच, मिस्त्री. तिच्या नाकातून आला तसा गेला. तुमच्याकडे खाली छातीत उतरला. तुमच्या श्वासनळ्या मुळातच अरुंद झाल्यात, त्यात सूज आली की हवेला वाटच राहत नाही."

"पावसात दार फुगतं," मिस्त्री म्हणाले, "तसं."

"अगदी तसं. फक्त दाराला तुम्ही रंधा मारता आणि ते परत बसतं. इथे ती सोय नाही. असा प्रत्येक झटका थोडं नुकसान करून जातो, आणि ते सगळं भरून येत नाही. फ्लूची लस दिलीय तुम्हाला. पण साध्या सर्दीचे विषाणू इतक्या जातींचे आहेत की त्या सगळ्यांवर लस नाही. तेव्हा सर्दीचं माणूस घरात घ्यायचं नाही. मग ते कितीही लाडकं असो."

आता सांगा, बालवाडीत जाणाऱ्या पोराचं नाक हिवाळ्यात कधी कोरडं असतं का? एक सर्दी संपायच्या आत दुसरी. म्हणजे थंडी पडली की खारू बंद, ती थेट ऊन तापेपर्यंत. मुलगी यायची, पण तीही मास्क लावून, उंबऱ्याबाहेर उभी राहून. जेवणाचा डबा स्टुलावर ठेवायची, दोन वाक्यं बोलायची आणि मागच्या मागे जायची. ती आत येत नव्हती कारण तिच्या मनाने घेतलं होतं की बापाला दवाखान्यात धाडलं ते आपणच. एकदा ती तसं बोललीही, "माझ्याच पोरीमुळे..." मिस्त्रींनी तिला तिथेच थांबवलं. "गप. काहीतरी बोलू नको." पण गप म्हटल्याने कोणाचं मन गप बसतं? ती उंबऱ्याबाहेरच राहिली, आणि मिस्त्रींनाही आत ये म्हणायचा धीर झाला नाही. दोघंही एकमेकांना जपत होती, आणि जपता जपता लांब जात होती.

व्हिडिओ कॉल होता, नाही असं नाही. पण खारूच्या हातात फोन म्हणजे कधी छत दिसायचं, कधी पंखा, कधी नुसती एक नाकपुडी. तरी मिस्त्री दाढी करून बसायचे. एका दुपारी असाच कॉल चालू होता. खारूची कोणी मैत्रीण खेळायला आली होती, तिने विचारलं, हे कोण? खारू म्हणाली, "हा? हा माझा फोनवाला आजोबा."

फोनवाला! मिस्त्रींच्या काळजात चर्र झालं. त्या पोरीचं वय ते काय, हिवाळ्यामागून हिवाळे असेच गेले तर ती आपल्याला विसरणार, हा साधा हिशेब होता. भुसा फुप्फुसात गेला, बायको गेली, हातातलं काम गेलं, ते सगळं त्यांनी गिळलं होतं. पण हे त्यांना गिळता येईना. खारू या घरात आली पाहिजे, हिवाळ्यातच आली पाहिजे, आपल्या डोळ्यांसमोर खेळली पाहिजे. बस्स.

आणि मग त्यांची नजर गेली ती हॉल आणि आतल्या खोलीच्या मधल्या कमानीवर. मोठी, रुंद, उघडी कमान. दार नसलेली. इतकी वर्षं रिकामी जागा समोर आणि आपल्याला सुचू नये! मिस्त्रींनी स्वतःलाच एक शिवी हासडली.

त्यांनी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. मध्ये काच लावली तर? पोर तिकडे, मी इकडे? बाई म्हणाल्या, "चालेल. दोन्हीकडे खिडक्या उघड्या ठेवा, आणि ती गेल्यावर हॉलमध्ये लगेच जाऊ नका, हवा खेळू द्या. पण एक सांगते मिस्त्री, लाकडाला तुम्ही हात लावायचा नाही. भुसा म्हणजे विष आहे तुम्हाला. शब्द द्या."

"दिला," मिस्त्री म्हणाले. द्यायला काय जातं!

लाकूड कापून आणलं ते पॉलिशवाल्याने. हा त्यांचा कामावरचा जुना जोडीदार. मिस्त्रींनी दार बसवायचं आणि याने त्याला चकाकी आणायची, अशी अर्धी हयात गेली. तोही आता मास्क लावूनच आला. काचेच्या तावदानांची जोडी जिन्यावरून वर आणताना स्वतःच धापा टाकत होता, तरी मिस्त्रींना बघून म्हणाला, "तू माणूस आहेस की बिघडलेली मोटारसायकल? खालपर्यंत आवाज येतोय."

"काच फोडलीस तर," मिस्त्री म्हणाले, "तुझा आवाज खालपर्यंत येईल."

दोघं हसले, आणि हसण्याचा खोकला झाला. पॉलिशवाल्याने चौकट उभी करून दिली, बिजागऱ्या धरल्या. उरलेलं मी उद्या येऊन करतो, रंध्याला हात लावशील तर तुझी खैर नाही, अशी तंबी देऊन तो गेला.

आता इथे मिस्त्रींची गंमत बघा. दार चौकटीत बसत होतं. चांगलं बसत होतं. कोणीही म्हटलं असतं, झालं काम. पण खालची कड जरा अडत होती, त्यामुळे वरच्या कोपऱ्यात नखभर फट राहिली होती, आणि ती मिस्त्रींच्या डोळ्यांत सलायला लागली. विषाणू त्यातून येईल, ही तर सबब. खरी गोष्ट अशी की फट राहिलेलं दार त्यांच्या हातून कधी बाहेर पडलंच नव्हतं. हात शिवशिवत होते. त्यांनी तोंडाला मास्क बांधला, त्यावर ओलं फडकं बांधलं, भुसा उडू नये म्हणून लाकूड पुसून घेतलं आणि रंधा काढला. दोन हात मारायचे की पलंगावर बसायचं. श्वास जमला की पुन्हा दोन हात. ओठ निळे पडत होते, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, पण रंधा लाकडावरून सरकला आणि पातळ वळी निघाली तेव्हा त्यांना इतका आनंद झाला की ते एकटेच मोठ्याने म्हणाले, "वा!"

असं करत करत दिवसचे दिवस गेले. पॉलिशवाल्याला त्यांनी आज नको, उद्या ये, असं म्हणत टोलवलं. दुहेरी काच, चारी बाजूंनी रबरी पट्टी, खाली ब्रशची झालर, वर पुन्हा पट्टी. शेवटी त्यांनी दार लावून कागदाचा कपटा आत सरकवून बघितला. जाईना. मुंगीला शिरायला जागा नव्हती. सगळ्या हयातीत असं दार झालं नव्हतं. बायको असती तर तिला बोलावून बोलावून दाखवलं असतं, आणि ती म्हणाली असती, हो हो, बघितलं.

मुलीने उंबऱ्याबाहेरून ते बघितलं तेव्हा आधी तिचा पारा चढला. "बाबा, हे तुम्ही केलंत? रंधा मारलात? डॉक्टरांना काय शब्द दिला होता? आणि परत काही झालं असतं तर मी..." आणि मग ती तिथेच, दाराबाहेर, डबा हातात धरून रडायला लागली. मिस्त्री लांबूनच म्हणाले, "रविवारी आण तिला. नाक गळू दे. काही बिघडत नाही आता."

रविवारपर्यंत मिस्त्रींनी पॉलिशवाल्याला हाताशी धरून हॉल सजवायला घेतला. खारूला छान वाटलं पाहिजे ना! सोफा तिकडे, टीव्ही तिकडे, बायकोचा फोटो तिकडे, झाडांच्या कुंड्या, उशा, गालिचा, खारूने मागे ठेवलेली ठोकळ्यांची पिशवी, सगळं तिकडे. आपल्या बाजूला राहिलं ते पलंग, मशीन, वाफ घ्यायचं यंत्र, औषधांच्या बाटल्या आणि थुंकीचं भांडं. ते त्यांनी पलंगाखाली सरकवलं. इस्त्रीचा शर्ट घातला, खिडकी उघडली आणि काचेसमोर खुर्ची टाकून बसले.

संध्याकाळ होता होता मुलगी आणि खारू आल्या. मुलीने किल्लीने बाहेरचं दार उघडलं, हॉलचा दिवा लावला, खिडक्या उघडल्या. खारू लाल नाक पुसत आत शिरली आणि जागच्या जागी थबकली. मिस्त्रींनी हात हलवला. खारूनेही हलवला. मिस्त्रींनी खुर्ची काचेच्या आणखी जवळ ओढली.

मग खारूने तोंड उघडलं आणि ती बोलायला लागली. बोलली, हातवारे केले, गिरकी घेतली, पुन्हा बोलली. आणि मिस्त्रींना एक अक्षर ऐकू आलं नाही.

त्यांनी कान काचेला लावला. काही नाही. मागे मशीनची घुरघुर तेवढी. "मोठ्याने!" ते ओरडले, म्हणजे ओरडायला गेले, आणि खोकत खुर्चीत बसले. तिकडे मुलगीही ओरडत असावी, तिच्या गळ्याच्या शिरा दिसत होत्या. मिस्त्रींच्या लक्षात आलं तेव्हा त्यांना हसावं की रडावं कळेना. हवा जाणार नाही असं दार करायचं होतं. केलं. आवाज हवेतूनच येतो, हे त्या शहाण्या माणसाच्या ध्यानातच आलं नव्हतं. एवढी हुशारी पाजळली आणि स्वतःच स्वतःला चिणून घेतलं!

मुलीने पर्समधून फोन काढून दाखवला. मिस्त्रींच्या उशाशी फोन वाजला. दोन हात अंतरावर उभी असलेली आपली माणसं, आणि त्यांच्याशी बोलायला फोन! पण तक्रार कोणाकडे करणार? त्यांनी फोन उचलला.

"बाबा, चांगलंच बसवलंत हो दार," मुलगी म्हणाली. तिचे डोळे हसत होते. किती दिवसांनी तिने त्यांची अशी टर उडवली होती. मिस्त्रींना तेवढ्यानेही बरं वाटलं.

मुलीने फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. खारूने ठोकळ्यांचा मनोरा केला, पाडला, पुन्हा केला. बायकोच्या फोटोसमोर उभी राहून आजीला एक गाणं म्हणून दाखवलं. मध्येच शिंकली, सटासट तीन वेळा, आणि काचेवर बारीक थेंब उडाले. मिस्त्री दचकून मागे सरकले आणि मग थेंबांकडे बघून त्यांना विजयी वाटलं. या बाजूला काहीच आलं नव्हतं. बसा बोंबलत, असं ते त्या थेंबांना मनातल्या मनात म्हणाले.

आणि तेव्हा खारू जवळ आली, काचेला नाक चेपून उभी राहिली आणि त्यांच्या नाकातल्या नळीकडे, मशीनकडे, पलंगाकडे नीट बघत म्हणाली, "आजोबा, तू घरी कधी येणार?"

आवाज फोनमधून आला, म्हणून तो कानाच्या अगदी आत आला.

"अगं वेडे," मुलगी घाईघाईने म्हणाली, "हे आजोबांचंच घर आहे की."

"हो, हे घर आहे," खारू म्हणाली आणि तिने सोफ्यावर थाप मारली. आईला एवढंही कळत नाही, असा तिचा चेहरा होता. "आजोबा तिकडे आहे. दवाखान्यात."

मुलीने फोन उचलला, स्पीकर बंद केला आणि पाठ वळवून हळू आवाजात म्हणाली, "बाबा, मागच्या वर्षी... तुम्हाला शुद्ध नव्हती तेव्हा तिने फार हट्ट केला होता. आत सोडत नव्हते. म्हणून मी तिला बाहेरून, काचेतून दाखवलं होतं तुम्हाला. मला वाटलं, विसरली असेल."

मिस्त्रींनी आपल्या बाजूला बघितलं. पलंग, बाटल्या, मशीन, नळी. मग तिकडे बघितलं. सोफा, कुंड्या, फोटो, दिवा. पोरीचं काय चुकलं होतं? घरातलं सगळं घर त्यांनी आपल्या हाताने उचलून तिकडे नेऊन ठेवलं होतं. वाटलं, उठावं, कडी काढावी, त्या पोरीला उचलून घ्यावं, मग जे व्हायचं ते होवो. हात कडीपर्यंत गेलाही. काचेपलीकडे मुलीने नुसती मान हलवली, नाही म्हणून, आणि तिचा चेहरा इतका पांढरा पडला की मिस्त्रींनी हात मागे घेतला.

"दे तिला फोन," ते म्हणाले.

खारूने फोन दोन्ही हातांनी कानाला लावला.

"येतो गं," मिस्त्री म्हणाले. एका श्वासात जेवढं मावेल तेवढंच ते बोलत होते. "थंडी संपू दे. डॉक्टर सोडत नाहीत."

"नक्की?"

"नक्की."

"मग मी तुझ्या घराकडे लक्ष ठेवते," खारू म्हणाली. तिने लगेच ठोकळे पिशवीत भरले, उशा सरळ केल्या, कुंडीतली दोन सुकलेली पानं काढून आईच्या हातात दिली. मिस्त्री बघत राहिले. बाहेर अंधारून आलं होतं. मुलगी बूट घालत होती, जायची वेळ झाली होती. खारू सोफ्याच्या हातावर चढली, टाचा उंचावून तिने भिंतीवरचं बटण दाबलं आणि हॉल काळोखात गेला. मुलगी काहीतरी बोलायला तिच्याकडे वळली. मिस्त्रींनी काचेतून हाताने खूण केली, असू दे.

फोन अजून चालूच होता. अंधारातून खारूचा आवाज आला, "आजोबा, मी लाईट बंद केला हं. घरी कोणी नाहीये ना."

मिस्त्रींनी आधी श्वास जमवला.

"शहाणी माझी बाय," ते म्हणाले. "आईला सांग... कुलूप नीट लाव म्हणावं."